डावीकडच्या सात लगोऱ्या

क्लोनडॉकिन, डब्लिन
रविवार, ५ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप हरीशदादांच्या चरणी,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार घ्यावा. एरवी मी तो उभ्याने करतो. या खेपेला साष्टांग घातला आहे असं समजावं, कारण पुढे कळेलच. तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि हिरवा चष्मा सुटला, हे माधवीकडून समजलं. बरं वाटलं. (अक्षर मुद्दाम मोठं काढतो आहे. त्याने कागद जास्त लागतील. पण मुद्द्यावर यायची माझी तयारी नसल्यामुळे ते तसेही लागणारच होते.) अलकनंदावहिनींचा गुडघा, परसातला शेवगा आणि तुमची सकाळची फेरी, सगळं ठीक चाललं असावं. आम्हीही ठीक आहोत. म्हणजे प्रकृतीने.

फोन असताना हा माणूस पत्र का लिहितो, असं तुम्हाला वाटेल. दादा, फोनवर तुम्ही स्पीकर लावता. मग वहिनी, शेजारचे निवृत्त तलाठी आणि भाजीवाल्या मावशी असे सगळे मिळून "काय म्हणतंय आयर्लंड?" असं विचारतात, आणि त्या गर्दीत मला बारा वर्षांत हवामानापलीकडे काही सांगता आलेलं नाही. शिवाय हल्ली फोनमध्ये चेहरा दिसतो. माझा चेहरा सध्या थोरामोठ्यांपुढे नेण्यासारखा नाही. उन्हाने सोलला होता ते कातडं केव्हाच भरून आलं. त्याच्या आतलं म्हणतो मी. मागच्या अधिकमासात तुम्ही या जावयाला तेहतीस अनारसे इतक्या लांब पाठवलेत. पोचले तेव्हा त्यांचा चुरा झाला होता, तरी मी तो चमच्याने, पूर्वेकडे तोंड करून, मान मिळाल्यासारखा खाल्ला. तो मान आता घशात अडकला आहे.

गोष्ट अमेरिकेतल्या वाळवंटातली आहे, पण सुरुवात इथेच झाली. तुमची निहारिका गॉलवेचं शिक्षण संपवून आमच्याकडे राहायला आली, तेव्हापासून ती इथल्या आमच्या भटकंती गटाची म्होरकी आहे. गटात आम्ही नऊ मराठी माणसं आणि एक फिन्टन. फिन्टन म्हणजे निवृत्त पोस्टमन, मूळचा स्लायगोचा, रंगाने दुधासारखा आणि डोक्याने तुळतुळीत. पद्माकर हे नाव त्याला जड जातं, म्हणून तो मला 'पॅडी' म्हणतो. (हे अस्सल आयरिश नाव आहे. ऑफिसात माझ्या नावाने ईमेल आली की लोक लाल केसांचा माणूस शोधतात.) बाकीचे बहुतेक सगळे पुण्या-मुंबईचे, ग्रँड कॅनाल डॉकच्या काचेच्या इमारतींत बसणारे. खेड्यातल्या शाळेत शिकलेला मी एकटाच. त्यामुळे गटाने परस्पर ठरवून टाकलं की काका डोंगरातले. मी कधी तसं म्हणालो नव्हतो, पण नाहीही म्हणालो नव्हतो. चहाच्या वेळी कुणी गडकोटांचा विषय काढला, की मी खिडकीबाहेर बघून "हं" म्हणायचो. त्या 'हं'चा अर्थ लोकांनी लावला. खरं तर मी गडावर आयुष्यात दोनदा गेलो. सातवीच्या सहलीत मला पायथ्याशी डबे राखायला बसवलं होतं, आणि दुसऱ्यांदा तुमच्याबरोबर देवीच्या डोंगरावर, जिथे पायऱ्या आहेत आणि मधे मधे उसाचा रस मिळतो.

तर निहारिकेने यंदा सप्टेंबरात युटा राज्यातल्या एका घळीत उतरायचं ठरवलं. घळ म्हणजे जमीन अचानक फाटून हजार फूट खाली जाते, आणि तळाशी एक ओहोळ वाहतो. (नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनी मला विसरावं अशी इच्छा आहे.) तुमच्या मुलीचं काम किती चोख असतं ते तुम्ही जाणता, लहानपणी तुमची औषधं वारांप्रमाणे डब्यांत लावायची तीच. तिने ठरवलं की दोघांनी एक दिवस आधी जाऊन वाट बघून यायची आणि बाकीच्या आठांनी दुसऱ्या दिवशी उतरायचं. पाहणीचा तिने दोन पानी तक्ता केला होता. वाळू किती, पाणी कुठे, वाटेवर खुणा कोणत्या, कुठे थांबलात, किती वेळ, कशासाठी. पाहणीला माणूस कोण? डोंगरातले काका. आणि सोबतीला फिन्टन, कारण त्याने चाळीस वर्षं पायी पत्रं वाटली आहेत.

वाट अशी आहे. गाडी लावली की आधी तासभर उघड्या खडकाचं पठार. तिथे पायवाट उमटतच नाही, नुसता तवा. पठाराच्या काठाला, उजव्या हाताला, भिंतीत एक फट आहे. तिच्यातून आडवं होऊन सरकायचं. फटीच्या खाली वाळूचा उतार, आपल्या गच्चीच्या जिन्याइतका चढा आणि लांबीला चार शेतं. तो संपला की ओहोळ. सकाळी दहाला आम्ही पोचलो. साडेदहापर्यंत फिन्टनचं डोकं वांग्यासारखं शिजलं. तो गाडीच्या सावलीत आडवा झाला आणि म्हणाला, "तू हो पुढे, पॅडी. यू'ल बी ग्रँड." (इथल्या बोलीत 'ग्रँड' म्हणजे सगळं ठीक.) एकट्याने जायचं नाही, हा निहारिकेच्या तक्त्यातला पहिला नियम. मी तो वाचला, घडी घातली आणि निघालो. पुढे तीन जर्मन चालले होते, खडकावर साचलेल्या वाळूत त्यांच्या बुटांचे ठसे दिसत होते. डोंगरातल्या माणसाला तेवढं पुरे.

आणि दादा, त्या तव्यावर चालताना मला दगडांच्या लगोऱ्या दिसल्या. तीन दगड, चार दगड, एकावर एक. थोडं पुढे गेलं की आणखी एक. मी थबकलोच. देवीच्या डोंगरावर पायऱ्यांच्या कडेला लोक अशाच लगोऱ्या रचतात ना, आपलं स्वतःचं घर व्हावं म्हणून? वहिनींनी माझ्यादेखत रचली होती, आणि दोन वर्षांत तुमची वास्तुशांत झाली. मला भरून आलं. म्हटलं, कुठे अमेरिका, कुठे आपण, पण माणसाचं मागणं एकच. (तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं परदेशात राहून तुला एवढंही कळू नये? पण दोन वर्षांपूर्वी स्लायगोजवळच्या डोंगरावर, जिथे कुणा प्राचीन राणीची म्हणून दगडांची भली मोठी रास आहे, तिथे याच फिन्टनने माझ्या हातात एक दगड देऊन सांगितलं होतं की खालून दगड न्यायचा आणि राशीवर ठेवायचा, भलं होतं. म्हणजे दोन देशांची साक्ष माझ्याजवळ होती. तिसऱ्यात वेगळं का असेल?)

घराचं आमचं तुम्हाला माहीत आहे. हे पाचवं भाड्याचं घर. मालक भला माणूस, पण भिंतीला खिळा मारायचा नाही ही त्याची अट. त्यामुळे आमचे देव आठ वर्षं स्वयंपाकघरातल्या कपाटात आहेत, पोह्यांच्या डब्याशेजारी. दार उघडलं की दर्शन, लावलं की शेजारती. माधवी काही म्हणत नाही. मीही म्हणत नाही. पण त्या उन्हात, कुणी बघणारं नसताना, माझे हात आपोआप दगड शोधायला लागले.

आता माझा सभ्यपणा बघा, सगळा घात त्याने केला. दुसऱ्याच्या नवसाशेजारी आपला नवस मांडू नये, असं मला वाटलं. त्यांनी रांग लावलेली, आपण मधे कशाला घुसा? म्हणून मी बाजूला, डावीकडे गेलो. तिकडे पठाराच्या काठाशी एक खुजं झाड होतं, जागा शांत, तोंड पूर्वेला. पहिली लगोरी घरासाठी रचली. मग वाटलं, नुसतं स्वतःसाठी मागणं बरं दिसत नाही. दहा-वीस पावलं पुढे चपटे दगड मिळाले, तिथे दुसरी, तुमच्या डोळ्यासाठी. तिसरी वहिनींच्या गुडघ्यासाठी. चौथी माधवीसाठी (काय मागू ते सुचेना, तिला काय हवंय ते मी कधी विचारलेलंच नाही हे तिथे लक्षात आलं). पाचवी निहारिकेला मनासारखं काम मिळावं म्हणून. सहावी फिन्टनसाठी, ख्रिस्ती माणसाला काय लागतं ते माहीत नाही, म्हणून त्याच्या डोक्यावर एक ढग मागितला. आणि सातवी, अगदी काठाशी, या वाटेने येणाऱ्या प्रत्येकाचा प्रवास सुखाचा व्हावा म्हणून. प्रत्येक लगोरी सात दगडांची. वडील शेताच्या बांधाच्या दगडी ताली रचायचे, त्यांच्या हाताखाली मी दगड बसवायला शिकलो आहे. डोंगरातलं म्हणाल तर एवढंच मला येतं. खालचा दगड डुगडुगता कामा नये, वरच्याने खालच्याला धरलं पाहिजे. मुक्या माणसाने सही करावी तशा त्या उभ्या राहिल्या. दीड तास लागला. हात जोडले, डोळे मिटले. फार समाधान वाटलं, दादा.

मग मागे येऊन, जर्मनांच्या ठशांवरून उजवीकडच्या फटीतून उतरलो. वाळूचा उतार उतरताना माणूस स्वतःला तरुण समजतो. पाऊल टाकलं की चार पावलं आपोआप पुढे. ओहोळात तोंड धुतलं, खजूर खाल्ला, आणि परत चढायला लागलो. दादा, ती वाळू कुणाला वर जाऊ देत नाही. दोन पावलं चढलो की दीड पाऊल खाली. एकदा तर मी पंधरा मिनिटं मनापासून चढलो आणि पाहतो तो माझी पाण्याची बाटली, जी खाली ठेवली होती, ती माझ्याच शेजारी. शेवटी हातापायांवर चढलो. एक बूट वाळूने गिळला, तो उकरताना दुसरा भरला. मधे त्या तिघांतली जर्मन बाई खालून येऊन मला ओलांडून गेली. तिने हसून काहीतरी विचारलं, मी चारही पायांवरून "ग्रँड" म्हणालो. वर पोचलो तेव्हा चार वाजले होते आणि पोटऱ्यांत गोळे आले होते.

मुक्कामी येऊन तक्ता भरायला बसलो. 'वाटेवर खुणा कोणत्या?' लिहिलं : पावलांचे ठसे. 'कुठे थांबलात, किती वेळ, कशासाठी?' इथे पेन अडलं. तो तक्ता सगळे वाचणार होते. काचेच्या इमारतींतली ती हुशार मुलं, त्यांच्यापुढे मी काय लिहू, की दीड तास दगड रचून देवाकडे घर मागत होतो? तुमच्या घरी मी बिनदिक्कत सोवळं नेसून बसतो, पण इथे देवाचं नाव मी कपाटातच ठेवत आलो. त्या रकान्यात मी लिहिलं : 'कुठेही नाही.' आणि शेवटी, मोठ्या अक्षरात : 'वाट सरळ आहे. चुकण्यासारखं काही नाही.' फिन्टनने डोक्यावर ओला टॉवेल घेऊन तोंडी पुरवणी जोडली, "दगडांच्या खुणा धरून जा, शुअर, यू कान्ट मिस इट." तो मराठी वाचत नाही आणि मी त्याचं बोलणं तेव्हा पुरतं ऐकलं नाही. माझे गोळे ताठले होते.

आता तुम्हाला कळलंच असेल. त्या लगोऱ्या नवसाच्या नव्हत्या. त्या वाटेच्या खुणा होत्या.

रात्री वारा सुटला, ठसे पुसले गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे खोलीवर पडून राहिलो आणि निहारिका सात जणांना घेऊन निघाली. जिथून मी डावीकडे वळलो होतो तिथे ती थांबली. हातातल्या नकाशात वाट उजवीकडे होती. पण उजवीकडे होत्या वेड्यावाकड्या तीन-तीन दगडांच्या लगोऱ्या, आणि डावीकडे माझ्या, सरळ रांगेत, भक्कम, सात-सात दगडांच्या. जो तो म्हणाला, या बघ खऱ्या. आमचा विक्रांत म्हणाला, "अगं काकांनी लिहिलंय ना, चुकण्यासारखं काही नाही म्हणून? चल की!" तिने नकाशा खिशात घातला. सातव्या लगोरीपाशी वाळूचा उतार होता, तिथून आठही जण घसरत खाली गेले. खाली कढईसारखा खळगा, आणि कढईच्या पुढे सरळ तुटलेला कडा. खाली जाता येत नाही आणि वर वाळू चढू देत नाही. पाच तास ते त्या कढईत होते. त्याच जर्मनांनी शिट्टी ऐकून रेंजरबाईंना आणलं, त्यांनी दोर सोडला. कुणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, ही देवाची कृपा. त्यात माझा वाटा नाही.

संध्याकाळी सगळे परत आले, कानात, भुवयांत वाळू. रेंजरबाई सोबत होत्या. त्यांनी मोबाइलवर लगोऱ्यांचे फोटो दाखवले आणि म्हणाल्या की या परवा नव्हत्या, कुणा मूर्खाने आत्ताच रचल्या आहेत, लाथ मारून पाडताना माझा पाय दुखला. पण ज्याने रचल्या त्याला दगड कळतो. आणि दादा, त्या शेवटच्या वाक्याला, एवढ्या सगळ्यात, क्षणभर माझी छाती फुगली. तुमच्यापासून लपवत नाही. मग मला सगळं उमगलं.

विक्रांत पेटला होता. "निहारिका, मॅप तुझ्या हातात होता ना? मग डोकं कुठे ठेवलं होतंस, विमानतळावर?" ती ओठ चावून म्हणाली, "माझा कॉल होता. माझीच चूक. सॉरी, सगळ्यांना." तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. आणि त्यातून काय बाहेर पडलं? मी म्हणालो, "असू दे गं बाळा. पुढच्या वेळी नकाशा नीट बघत जा." असं म्हणालो मी, दादा. तिला. सल्ला दिला.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, फक्त उलट्या बाजूने. विक्रांतच्या आई पद्मिनीबाई तुमच्या गल्लीतल्या. त्यांनी वहिनींना सांगितलं की तुमच्या मुलीने आठ माणसं मारायला काढली होती. तुम्ही घाबरून २८ तारखेला फोन केलात. बाप म्हणून तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही तिला म्हणालात, पुरे झाले डोंगर, ज्याला नकाशा वाचता येत नाही त्याने लोकांची पोरं सांभाळू नयेत, स्लायगोच्या त्या केंद्राला नाही कळव आणि डब्लिनमध्येच ऑफिसची नोकरी बघ. ती "बरं बाबा" म्हणाली. मी शेजारी बसून शेंगा सोलत होतो. एकच शेंग, बराच वेळ. ते केंद्र समुद्रकाठच्या डोंगरांत शाळेच्या मुलांना चालायला, चढायला शिकवतं. तिला तिथे काम मिळालं आहे, उत्तर १२ तारखेच्या आत द्यायचं आहे, आणि त्यासाठी वाटाड्याची परीक्षा नोव्हेंबरात द्यायची होती. परीक्षेतून तिने परस्पर नाव काढून घेतलं. आता कपाटावरचे तिचे नकाशे खाली उतरलेत आणि बूट कोळ्यांनी धरलेत.

चार आठवडे झाले. रोज सकाळी ती मला चहा देते. माझ्या पोटऱ्यांना पहिले आठ दिवस तेल तिनेच लावून दिलं. दसऱ्याला (आपटा इथे मिळत नाही, मागच्या अंगणातल्या बीचच्या पानांनाच आम्ही सोनं म्हणतो) ती पान हातात देऊन माझ्या पाया पडली. नवरात्रात नऊ दिवस मी कपाट उघडून देवीपुढे बसलो, पण वर बघवलं नाही. तिच्याकडे क्षमा मागावी तर ती म्हणेल, माझ्याकडे कशाला, ती पोर बघ, माळेसाठी फुलं गुंफते आहे.

म्हणून तुमच्यापुढे सगळं मांडलं. मोठेपणाने मला काय बोलायचं ते बोला. वहिनींना नमस्कार. शेवग्यालाही.

तुमचा, यापुढे मानाच्या पाटाऐवजी दारालगतच्या सतरंजीवर बसणारा,
पद्माकर

ता. क. : पत्र मुळात ज्यासाठी लिहिलं ते राहूनच गेलं. तुम्ही तिला १२ तारखेच्या आधी फोन करून स्लायगोला जा म्हणून सांगावं. कारण विचारलं तर म्हणावं की नीट चौकशी केली, त्या लगोऱ्या कुणा जर्मनांनी रचल्या होत्या असं कळतं. माझं नाव न घेता झालं तर बरं. ती इथेच राहते, रोज समोर येते, त्या दृष्टीने म्हणतो.

आणखी एक ता. क. (सोमवार) : पाकीट चिकटवायच्या आधी माधवीने पत्र वाचलं. मी स्वतःहून दिलं नाही. टेबलावर ठेवून आंघोळीला गेलो, तुम्हाला तुमची बहीण माहीत आहे. बाहेर आलो तर ती पत्राच्या पहिल्या पानावरच्या तारखेवर बोट ठेवून उभी. म्हणाली, "इथून संगमनेरला पत्र पोचायला किती दिवस लागतात?" म्हटलं, बारा. कधी पंधरा. "म्हणजे कधी पोचेल?" मी बोटांवर मोजायला लागलो. "मोजू नका. लिहायला बसलात तेव्हाच मोजलं होतंत." दादा, शपथेवर सांगतो, मी मोजलं नव्हतं. पण मोजलं नव्हतं हे मला फार सोयीचं पडलं. मग ती म्हणाली, "आणि त्या बिचाऱ्या जर्मनांनी तर पोरीला बाहेर काढलं." वरचा ता. क. रद्द समजावा. खोडत नाही. असू दे, दिसू दे.

आणखी (मंगळवार) : सांगितलं. स्वयंपाकघरात, उभ्याने. ती भांडी पुसत होती. मी लगोऱ्यांपासून सुरुवात केली. तिने वळून बघितलं नाही.

"किती रचल्या?"

"सात."

"सगळ्या तुम्ही?"

"हो."

"काका, मी त्या लगोऱ्यांना सगळ्यांदेखत सलाम ठोकला होता. म्हणाले, बघा, असं काम पाहिजे, हा माणूस एक्स्पर्ट आहे." मग हातातला पेला फडक्यासकट खाली ठेवला. "म्हणजे नकाशा मी बरोबर वाचला होता." मी म्हटलं, हो. तिने पुन्हा म्हटलं, "वाट उजवीकडेच होती. मी बरोबर वाचला होता." तिसऱ्यांदा म्हणताना तिला रडू आलं, आणि मला कळलं की मी तिच्याकडून नेमकं काय काढून घेतलं होतं. नोकरी वगैरे फार पुढची गोष्ट. चार आठवडे ती पोर स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नव्हती.

मी म्हटलं, माझ्यावर राग काढ. ती म्हणाली, "लगोऱ्यांचा राग नाही हो, वेडे आहात तुम्ही. दसऱ्याला मी पाया पडले तेव्हा आशीर्वाद काय दिलात?"

"यशस्वी हो."

"त्याचा आहे." आणि वर गेली. तेव्हापासून मला चहा मिळालेला नाही. मिळू नये.

शेवटचं (शुक्रवार, आता पोस्टात टाकतोच) : बातमी तुम्हाला फोनवर कळायच्या आत पत्रातही असावी म्हणून लिहितो. स्लायगोला ती तुमचा फोन झाला त्याच संध्याकाळी हो कळवून बसली होती. तुम्ही शांत झालात की सांगणार होती. फक्त डोंगरावरचं काम सोडून सामानाच्या खोलीतलं मागून घेतलं होतं, दोर आणि हेल्मेटं सांभाळायचं, कारण आपल्याला वाट कळत नाही असं तिने धरलं होतं. म्हणजे तुमची परवानगी आणि माझं हे पत्र, दोन्ही तिला नकोच होतं. लागत होती ती फक्त माझी दोन वाक्यं, लगोऱ्या माझ्या आणि नकाशा तू बरोबर वाचला होतास, आणि तीच मी एवढ्या पानांनंतर बोललो. काल तिने परत डोंगरावरचंच काम मागितलं. मिळालं.

गटालाही मी सांगितलं, सगळ्यांना एकत्र बसवून, तिच्या त्याच दोन पानी तक्त्यावर, राहिलेला रकाना भरून : 'थांबलो. दीड तास. घर मागायला.' कुणी हसलं नाही. फिन्टनने विचारलं, "माझ्यासाठी ढग मागितलास, पॅडी?" आणि बराच वेळ नाक शिंकरत बसला. विक्रांतने निहारिकेची माफी मागितली, चारचौघांत, ताठ मानेने, पोरगा वाईट नाही. मग घरी पोचल्यावर त्याचा मला वेगळा मेसेज आला : 'काका, कुणाला बोलू नका, पण तीन बेडरूमसाठीही सातच दगड लागतात का?'

परीक्षेलाही तिने पुन्हा नाव घातलं आहे, ती पुढच्या महिन्यात आहे. परीक्षकासमोर तिने एका माणसाला डोंगरावर नेऊन सुखरूप परत आणायचं असतं, आणि नियमावलीत लिहिलं आहे की हा माणूस असा असावा ज्याला डोंगरातलं काही म्हणजे काही कळत नाही. काल तिने फॉर्म माझ्यापुढे ठेवला, शेजारी चहाचा कप. त्या रकान्यात माझं नाव आधीच लिहिलेलं होतं. मी खाली सही केली.